इंचभर उंचीवरून

अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात विंचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे राहणारा मायकेल पॉल स्मिथ फोटो काढायला निघाला की बरोबर घडीचं टेबल, एक फळी आणि दोन-चार मॉडेल गाड्या घेई. मनाजोगता रस्ता दिसला की कडेला टेबल मांडायचं, फळीवर वीतभर लांबीच्या गाड्या लावायच्या, वाकून साध्या खिशातल्या कॅमेऱ्यातून पाहायचं आणि फळीची मागची कड समोरच्या खऱ्या रस्त्याला जुळेपर्यंत टेबल सरकवत राहायचं. जुळली की बटण दाबायचं. छापून आलेल्या फोटोत १९५० च्या दशकातली एक लांबलचक सेडान झाडांच्या सावलीत, लाकडी घरासमोर उभी दिसे. झाडं खरी, घर खरं, आकाश खरं. गाडी तेवढी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची.

या फोटोंमधल्या गावाला त्याने एल्जिन पार्क असं नाव दिलं होतं. आपलं बालपण त्याने पेन्सिल्व्हेनियातल्या स्यूइकली या गावात घालवलं, त्या आठवणींतून हे गाव उभं राहिलं. पाहणारे हमखास विचारत, की हे संगणकावर जोडलंय का? तसं नव्हतं. गाडी आणि घर एकाच क्लिकमध्ये टिपलेलं असे. स्मिथ २०१८ मध्ये गेला. तोवर दोन पुस्तकं आणि जगभरचे चाहते त्याच्या नावावर जमा झाले होते. डायकास्ट गाड्यांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने त्याचं काम एकदा तरी नीट पाहावं, कारण या कलेचं मूळ सूत्र त्यात उघड दिसतं. खेळण्यातली गाडी कॅमेऱ्यासाठी मोठी करता येत नाही. पाहणाऱ्यालाच लहान व्हावं लागतं. कॅमेऱ्याची उंची, त्याचं अंतर, लेन्सचं छिद्र, दिवा, रस्त्यावरची खडी या सगळ्यांना गाडीचंच प्रमाण लावायचं. जिथे ते लावायचं राहतं, तिथे फोटो खेळण्याचा दिसतो.

गाड्या आल्या कुठून

डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू दाबाखाली पोलादी साच्यात घालून काढलेली वस्तू. बहुतेक मॉडेल गाड्यांचा धातू जस्ताचा असतो. त्यात साधारण चार टक्के अॅल्युमिनियम, शिवाय थोडं तांबं आणि मॅग्नेशियम. या मिश्रधातूला झामॅक म्हणतात. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे साचे लवकर झिजत नाहीत आणि एकाच साच्यातून भरमसाठ गाड्या निघतात. जस्तात शिसं मिसळलं गेलं, तर मात्र काही वर्षांनी धातूला आतून भेगा पडतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या अशाच भुगा होऊन संपल्या.

ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये डिंकी टॉइज हे नाव रूढ केलं. लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची मुभा होती. तिच्यासाठी त्याने इवलासा रोडरोलर बनवला, आणि १९५३ मध्ये मॅचबॉक्स मालिका बाजारात आली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने सोळा गाड्यांसह हॉट व्हील्स सुरू केलं. भारतातही डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून निकी टॉइज नावाने गाड्या निघाल्या. आज महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांतल्या खेळण्यांच्या दुकानांत खुंटीला टांगलेली गाडी दिसते, ती बहुधा तळहातावर मावणाऱ्या १:६४ आकाराची.

हा १:६४ आकडा नीट समजून घ्यायला हवा. खऱ्या गाडीचे ६४ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलचा एक सेंटिमीटर. त्याहून मोठ्या गाड्या १:४३, १:२४ आणि १:१८ या प्रमाणात मिळतात. १:४३ हे माप खेळण्यातल्या रेल्वेकडून आलं. आगगाडीशेजारी शोभेल अशी मोटार हवी होती, म्हणून ते ठरलं.

स्वस्त गाड्यांच्या पाकिटावर १:६४ लिहिलेलं असलं, तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पाकीट एकाच मापाचं, म्हणून ट्रक आणि छोटी मिनी दोन्ही जवळपास सारख्याच लांबीच्या काढल्या जातात. नऊ मीटरचा ट्रक १:६४ मध्ये चौदा सेंटिमीटरचा व्हायला हवा, पाकिटात तो सात-आठ सेंटिमीटरचा मिळतो. दोन गाड्या एका चौकटीत ठेवण्याआधी मूळ गाडीची लांबी शोधून मॉडेलच्या लांबीने भागायची. भागाकार जुळत नसेल तर त्या गाड्या शेजारी ठेवू नयेत. माणसांच्या पुतळ्यांचंही तेच. मॉडेल रेल्वेची १:८७ मापाची माणसं सहज मिळतात, पण ती दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतात. १:६४ च्या गाडीशेजारी असा प्रौढ माणूस सव्वाशे सेंटिमीटरचा, म्हणजे शाळकरी मुलाएवढा दिसतो.

दिवाळीच्या किल्ल्यात आपण हे सर्रास खपवून घेतो. मावळा महादरवाजाहून उंच असला, तरी कुणाचं काही अडत नाही, कारण किल्ला आपण वरून आणि मनाने पाहतो. कॅमेरा जमिनीवर उतरला की ही सवलत संपते.

डोळ्याची उंची

मोठ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. त्याला ६४ ने भागलं की २.३ सेंटिमीटर येतात, म्हणजे जेमतेम एक इंच. १:२४ साठी सव्वासहा सेंटिमीटर, १:१८ साठी आठ-साडेआठ. नवख्याचा फोटो खेळण्याचा दिसण्याचं पहिलं कारण इथे सापडतं. खुर्चीत बसून टेबलावरच्या गाडीचा फोटो काढला, तर लेन्स गाडीच्या तीस-चाळीस सेंटिमीटर वर असते. तिच्या प्रमाणात ही उंची वीस-पंचवीस मीटर झाली. सातव्या-आठव्या मजल्यावरून खालची गाडी जशी दिसेल, तशीच ती फोटोत दिसते.

मोबाइलने फोटो काढणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातली लेन्स खाली येते आणि टेबलाला जवळपास टेकते. मग खाली जाडसर पुठ्ठा सरकवून लेन्स इंचभर उंचीवर आणायची.

अंतराचा हिशोबही असाच. खऱ्या गाडीचा फोटो काढणारा साधारण आठ-दहा मीटर लांब उभा राहतो. १:६४ मध्ये ते अंतर तेरा ते सोळा सेंटिमीटर होतं. याहून जवळ गेलं की बॉनेट फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. चौकट भरत नसेल, तर पुढे सरकण्यापेक्षा नंतर फोटो कापावा.

स्मिथच्या टेबलामागचं गणित आता उलगडतं. त्याची १:२४ ची गाडी लेन्सपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर ती १४ मीटरवरच्या खऱ्या गाडीएवढी दिसते. मागचं खरं घर ४० मीटरवर असेल, तर ते ४० मीटरवरच्या घराएवढंच दिसतं. जवळच्या वस्तूचं अंतर २४ ने भागायचं आणि दूरच्या वस्तूला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतराचा जो अंदाज येतो, तो त्याला येत नाही आणि टेबल व रस्ता यांमधली पोकळी फळीच्या कडेआड लपते.

यात एक बारकावा राहतो. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं, पण मागच्या घराचा पाया क्षितिजाच्या किती खाली दिसेल, हे कॅमेरा खऱ्या जमिनीपासून किती उंच आहे यावर ठरतं. म्हणून फळी छातीइतक्या उंचीवर असली, तर पुढची छोटी आणि मागची खरी जमीन जवळपास जुळतात. आपल्याकडे सोसायटीच्या कंपाउंडची भिंत या कामाला उत्तम. गच्चीचा कठडा मात्र चालत नाही. तिथून मागच्या इमारतींची छपरं दिसतात आणि गाडी हवेत तरंगल्यासारखी वाटते.

धूसर कडा काय सांगतात

उंची जुळली, अंतर जुळलं, तरी कित्येक फोटोंत गाडीचं नाक स्पष्ट आणि मागचं चाक धूसर असतं. ही धूसरता पाहणाऱ्याच्या मेंदूला थेट आकार सांगते. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवलं, की धूसरता कशी वाढत जाते यावरून आपण वस्तूचं अंतर आणि आकार अजमावतो. म्हणूनच खऱ्या शहराच्या उंचावरून काढलेल्या फोटोची वरची-खालची पट्टी धूसर केली, की शहर खेळण्यातलं वाटू लागतं. आपल्याला याच्या नेमकं उलट साधायचं आहे.

हिशोब साधा आहे. लेन्सचं छिद्र किती मोठं, हे फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागून कळतं. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर असेल, तर छिद्र २५ मिलिमीटरचं. १:६४ च्या जगात तेच छिद्र १.६ मीटर रुंदीचं होतं. एवढ्या रुंद डोळ्याला एका वेळी फार पातळ पट्टा स्पष्ट दिसणार, यात नवल नाही. एफ १६ वर छिद्र तीन मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे मॉडेलच्या जगात वीस सेंटिमीटर. ते अजूनही मोठंच आहे, पण खूप सुधारलं. छिद्र आणखी बारीक करत गेलं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो, म्हणून तिथे मर्यादा येते.

पुढचा उपाय फोकस स्टॅकिंगचा. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, पहिला फोटो पुढच्या बंपरवर, दुसरा हेडलाइटवर, तिसरा आरशावर, असं मागच्या दिव्यापर्यंत फोकस सरकवत न्यायचा आणि संगणकात सगळ्यांचे स्पष्ट भाग एकत्र करायचे. मोबाइल मात्र इथे महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. त्याच्या लेन्सचं छिद्रच मुळात दोन-चार मिलिमीटरचं असतं, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्याला एफ १६ वर मिळणारी स्पष्टता त्याला घरातल्या उजेडातही मिळते. स्मिथचा साधा, छोटा कॅमेराही याच कारणाने त्याला सोयीचा होता. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवावा. तो मुद्दाम धूसरपणा भरतो आणि केलेल्या कामावर पाणी पडतं.

बॉनेटवर दिसणारी खोली

गाडीचा चकचकीत रंग म्हणजे वाकवलेला आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसणार. घरात फोटो काढला तर बॉनेटवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, खिडकीचा चौकोन, कधीकधी धरलेल्या हाताची सावलीही दिसते. रस्त्यावरच्या गाडीच्या छतावर मात्र मोकळं आकाश असतं. म्हणून गाडीच्या वर पांढरा थर्मोकोल किंवा ट्रेसिंग पेपर ताणून धरायचा आणि दिवा त्याच्या वरून सोडायचा. छतावर एकसारखा, मऊ उजेड पसरतो आणि गाडीच्या अंगाची वळणं दिसू लागतात.

कडक ऊन दाखवायचं असेल, तर दिवा लहान आणि लांब हवा. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. दोन मीटरवर ठेवलेल्या दिव्याचं तोंड पावणेदोन-दोन सेंटिमीटरचं असेल, तर तो तेवढाच दिसतो आणि सावलीची कड उन्हातल्यासारखी पडते. टेबललॅम्प गाडीच्या अगदी जवळ आणला, की सावल्या पंख्यासारख्या फाकतात. शेजारशेजारच्या दोन खांबांच्या सावल्या दोन दिशांना गेल्या, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. अंगणातलं सकाळचं ऊन फुकट आहे आणि त्याच्या सावल्या कधीच चुकत नाहीत.

बोटांचे ठसे आणि धूळ इथे मोठा घात करतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाडीचा. १:६४ च्या बॉनेटवर पडला, की साडेचार मिलिमीटर जाडीची दोरी पडल्यासारखा दिसतो. डोळ्यांना तो टेबलावर जाणवतही नाही, फोटो मोठा केल्यावर मात्र दुसरं काही दिसत नाही. म्हणून गाडी सुती हातमोज्यांनी धरावी आणि मऊ कुंचल्याने झटकावी. रंगाच्या थराचीही तीच तऱ्हा. ०.१ मिलिमीटरचा थर चौसष्टपटीने साडेसहा मिलिमीटरचा होतो, म्हणूनच स्वस्त मॉडेलच्या कडा गुळगुळीत, जाड लेप दिल्यासारख्या वाटतात. त्यावर पूर्ण इलाज नाही. दरवाजाच्या खाचेत पातळ काळा रंग सोडला आणि फोटो गाडीच्या फार जवळून घेतला नाही, तर हा दोष बराच झाकला जातो.

रस्ता, माती, पाऊस

देखाव्याच्या सामानाला एकच कसोटी लावायची. त्याच्या कणाला प्रमाणाने गुणायचं आणि खऱ्या जगात ती वस्तू कोणती होते ते पाहायचं. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १:६४ मध्ये तीन सेंटिमीटरची खडी होतो. म्हणजे कडेच्या खडीसाठी वाळू ठीक, धुळीसाठी नाही. डांबरी रस्त्यासाठी रंगारी वापरतात तो काळा वॉटर पेपर घ्यावा. १२० नंबरच्या कागदाचा कण चौसष्टपटीने सात-आठ मिलिमीटरचा होतो, डांबरातल्या बारीक खडीएवढा. गाडी १:१८ ची असेल तर त्याहून बराच खरबरीत कागद लागतो.

कोकणातला रस्ता करायचा असेल तर या कागदाच्या दोन्ही कडांना मळकट तपकिरी रंगाचा हात फिरवावा, कारण डांबर कडेला कधीच काळंभोर नसतं. बाजूपट्टीला गेरू बारीक चाळून भुरभुरवायचा. जांभ्याच्या मातीचा रंग त्याने हुबेहूब येतो. तोच गेरू कोरड्या कुंचल्याने गाडीच्या चाकांवर, मडगार्डच्या मागे आणि दरवाजांच्या खालच्या कडेला लावायचा. छतावर लावायचा नाही, कारण चिखल चाकातून उडतो आणि छतापर्यंत क्वचितच जातो. चहाचा चोथा धुऊन, वाळवून टाकला की झाडाखालचा पालापाचोळा होतो. वाळलेल्या तुळशीच्या फांद्या झाडांचे सांगाडे म्हणून उभ्या राहतात. गवतासाठी किल्ल्यावर पेरतो ते हळीव मात्र इथे कामाचं नाही. त्याचं तीन सेंटिमीटरचं रोप १:६४ मध्ये दोन मीटरचं होतं, म्हणजे उसाच्या फडासाठी चालेल, रस्त्याकडेच्या हिरवळीसाठी नाही.

पाणी या सगळ्यांत हट्टी. पृष्ठताणामुळे थेंब ठरावीक आकाराखाली सहज जात नाही. गाडीवर बसलेला दोन मिलिमीटरचा थेंब तिच्या प्रमाणात तेरा सेंटिमीटरचा होतो आणि क्षणात सगळं सोंग उघडं पडतं. अतिशय बारीक तुषार सोडणारा फवारा वापरला तर थोडं जमतं. ओला रस्ता दाखवायला पाण्यापेक्षा चमकदार वॉर्निश बरं. त्यात दिव्यांची प्रतिबिंबं पडतात आणि थेंबांचा प्रश्नच उरत नाही. धूर आणि ज्वाळाही प्रमाणात बसत नाहीत. चित्रपटात लहान मॉडेलचा स्फोट दाखवताना कॅमेरा प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वेगवान फिरवतात. १:६४ साठी आठपट, म्हणजे वस्तू खऱ्या वजनाने पडल्यासारखी वाटते. स्थिर फोटोत वेळेचा हा आधार मिळत नाही, म्हणून आग आणि लाटा टाळलेल्याच बऱ्या.

मेक्सिकोचे छायाचित्रकार फेलिक्स हर्नांडेझ यांनी स्मिथपेक्षा वेगळी वाट धरली. आउडीच्या आर८ या महागड्या स्पोर्ट्स कारचे प्रसिद्धीफोटो त्यांनी चाळीसेक डॉलरच्या मॉडेलवर, स्टुडिओतल्या टेबलावर काढले आणि पुढे संगणकावर त्यांना अंतिम रूप दिलं. संगणकाची मदत घ्यावी की नाही, यावर या छंदात मतभेद आहेत. माझं मत असं, की उंची, अंतर आणि उजेड चुकलेला फोटो संगणकावर सुधारत नाही, आणि ते जुळलेल्या फोटोला संगणकाची फारशी गरज उरत नाही. नवशिक्याने आधी टेबलावर हात बसवावा.

कशाचे फोटो काढायचे

या छंदात येणारे बहुतेक जण लाल फेरारीपासून सुरुवात करतात आणि तिला धुरात उभी करतात. स्मिथने वेगळं केलं. ज्या गल्लीत तो वाढला, तिथल्या साध्या कौटुंबिक गाड्या त्याने पुन्हा उभ्या केल्या. त्याचे फोटो मनात राहतात ते याच कारणाने. कुठली गाडी कुठल्या दाराशी उभी असे, हे त्याला पाठ होतं.

आपल्यालाही असं बरंच काही पाठ आहे आणि ते झपाट्याने रस्त्यावरून जातंय. मुंबईतल्या शेवटच्या डिझेल डबलडेकर बस सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या. त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून कायमची उतरली. दादरच्या टॅक्सी स्टँडवर ती ओळीने कशी उभी असे, मीटर कुठल्या बाजूला होतं, पावसात वायपरने काचेवर किती जागा पुसली जाई, हे सांगू शकणारी माणसं आज हजारोंनी आहेत. पन्नास वर्षांनी नसतील. एसटीवर जीव असलेली काही मंडळी लाल बसची मॉडेल आजही स्वतःच्या हातांनी बनवतात. ती काचेच्या कपाटात न ठेवता एखाद्या तालुक्याच्या स्टँडच्या देखाव्यात उभी केली, फलाटाचे आकडे आणि उसाच्या रसाचा गाडा बरोबर प्रमाणात लावला, इंचभर उंचीवरून फोटो काढला, तर तो त्या स्टँडची नोंदच ठरेल.

म्हणून घरात पडलेली एखादी गाडी शोधा. तिची लांबी मोजा, प्रमाण काढा, आणि आपल्या लहानपणीच्या रस्त्याचा एकच कोपरा निवडा. तिथला खांब, दुकानाची पाटी, कुंपणाचा रंग घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. मग तो कोपरा पुठ्ठ्याचा, वॉटर पेपरचा आणि गेरूचा करून सकाळच्या उन्हात मांडा. सामानाला फार पैसे लागत नाहीत. लागते ती आठवण, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम करून घेतलं पाहिजे.